तिसऱ्या वावरापर्यंत

लगनसराई आली की माझं कपाळ ठणकायला लागतं. उन्हानं नाही; उन्हाला आम्ही यवतमाळ जिल्ह्यातली माणसं भीक घालत नाही. ठणका असतो आवाजाचा. उमरखेडला आमच्या घरासमोरच आता मंगल कार्यालय झालंय. सकाळपासून तिथं ते काळे डबे एकावर एक रचतात, आणि मग खिडकीची तावदानं, फळीवरच्या बशा, माझी कवळी, सगळं एका तालात थरथरतं. परवा मी उठून गेलो आणि त्या डबेवाल्या पोराला म्हणालो, "बापू, किती आवाज हा!" तर तो खूश होऊन म्हणतो, "हाव ना आजोबा! पार बसस्टँडपर्यंत जाऊन राह्यला!" मी तक्रार करतोय की कौतुक, हेसुद्धा त्या भैताडाला कळलं नाही. मी परत येऊन कानात कापूस कोंबला.

यंदा भरीला नात आली आहे. जुई. पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात चार मैत्रिणींबरोबर बँड चालवते. गिटार वाजवते. कसलं वाजवता म्हणून विचारलं तर म्हणाली, "ब्लूज आणि सोल, आबाजी." मला कुठलं कळायला! मग तिनं फोनवर एक गाणं लावलं. "अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं गाणं आहे हे. कापसाच्या शेतात राबायचे ना, त्यांचं." कापूस म्हटल्यावर मी कानातले बोळे काढले. कुणीतरी बाप्या खालच्या सुरात, घाई न करता, आपलं दुःख सांगत होता आणि त्याचं एक वाक्य झालं की मागून गिटार तेच पुन्हा म्हणत होती. मी म्हणालो, "हा तर रामसिंग."

"कोण रामसिंग?" जुई म्हणाली.

तिला तेव्हा रामसिंगशी काही देणंघेणं नव्हतं. तिला अँप्लिफायर घ्यायचा होता आणि दोनांत निवड होत नव्हती. एक लहान, व्हॉल्व्हचा, म्हणे ऊबदार आवाजाचा. दुसरा थोराड. "आबाजी, हा मोठा घेतला तर आवाज मैदानभर जाईल. तुम्ही पण गिटार वाजवायचात ना? सांगा की." मैदानभर! ऊन खिडकीतून आत आलं होतं, समोर डबे दणदणत होते, आणि माझ्या नाकात एकदम मोहफुलांचा तो आंबूस गोड वास आला. साठ-सत्तर मैलांत आता मोहाचं झाड उरलं असेल तर शपथ.

साल विचारू नका. एकोणीसशे साठनंतरचं कुठलं तरी. मला उन्हाळा आठवतो, साल नाही. मी ढाणकीच्या शाळेत मास्तर होतो. परीक्षा उरकल्या, पेपर तपासून झाले, शाळेला कुलूप लागलं की आमची पार्टी बाहेर पडायची. पार्टी म्हणजे वाजंत्री नव्हे. लग्नात, बारशात बसून सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी. पेटीवर नाना, ढोलकीवर एकजण, गळा रामसिंगचा, आणि मी गिटारवर. मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची गिटार ती. लोकांना वाटायचं मास्तर काहीतरी इस्त्री करतोय.

नाना ढाणकीतले मोठे कास्तकार. कापूस, तूर, दोन विहिरी, बाजारात कापडाचं दुकान. पेटी त्यांची, सतरंजी त्यांची, बैलगाडी त्यांची, तेव्हा पार्टीही त्यांचीच. माणसाचं वर्म हेरून तिथंच बोट घालायची त्यांना आवड होती आणि लोक हसले की ते बोट आणखी फिरवायचे. ढोलकीवाल्याची बायको पळून गेली होती, नाना दर लग्नात अक्षता पडल्या की त्याला विचारायचे, "काहून बे, आठवण आली का?" तो बिचारा ढोलकीत तोंड घालायचा. नाना आता नाहीत. त्यांच्या फोटोला त्यांच्या नातवानं चंदनाचा हार घातलाय. मला त्या फोटोचा अजून राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

रामसिंग जवळच्या तांड्यावरचा, बंजारा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, बापानं बैल विकून कोरडवाहू तुकडा घेतला, आणि हा त्या तुकड्यात कापसाची पऱ्हाटी लावायचा. उंच, काळासावळा, बोलायला लाजरा. पण गाताना त्याचा आवाज रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा खालून यायचा, भरून यायचा. सूर पकडायची घाई नाही. आधी सुराच्या खाली यायचा, मग हळूहळू वर सरकत त्याला जाऊन मिळायचा. मला ते सरकणं इतकं आवडलं की मी माझी कांडी त्याच्या गळ्यावर बेतली. मास्तर मी असेन शाळेत. गिटार मला त्यानंच शिकवली.

"हे कुठं शिकलास रे?" मी एकदा विचारलं.

"बायकाईपासून, मास्तर," तो म्हणाला. बंजाऱ्यांत पोरगी सासरी निघाली की नुसती रडत नाही, सुरात रडते. आईच्या, काकूच्या, मैत्रिणीच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडून, त्याचं नाव घेऊन, शब्द तिथल्या तिथं जोडत. त्याला ते ढावलो म्हणतात. शेवटी तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात आणि ती हात उंचावून सगळ्या तांड्याचा निरोप घेते. लहानपणापासून रामसिंगनं ऐकलं होतं ते. सिनेमातलं कसलंही उडतं गाणं दिलं तरी त्यात कुठेतरी ती निघालेली पोरगी यायची. लग्नघरच्या बायका भाजी चिरायच्या थांबायच्या.

त्याला धाकटी बहीण होती, झमकू. तिचं लग्न ठरलं ते याच्या गळ्यावर. मुलाकडचे पैनगंगेपलीकडच्या तांड्यावरचे, जरा वरचढ. त्यांच्या म्हाताऱ्यानं कुठल्याशा लग्नात रामसिंगला ऐकलं आणि म्हणाला, असल्या गाणाऱ्याची बहीण आपल्या घरी पाहिजे. देण्याघेण्याचं काही बोलला नाही, फक्त एक अट घातली: लग्नात भावानं गायचं. झमकू तर गावभर सांगत सुटली. मी तांड्यावर गेलो की मला पाणी देताना म्हणायची, "मास्तर, माह्या लग्नात वीरा गाईन. तुमी बी या ते इस्त्री घेऊन." वीरा म्हणजे भाऊ. रामसिंग शेजारी बसून जमिनीवर काडीनं रेघोट्या मारायचा, पण खुशीत असायचा. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याजवळ असं काही होतं की ज्यासाठी लोक त्याच्या दारात आले होते.

तोवर आमचा अँप्लिफायर म्हणजे नानांच्या दुकानातला रेडिओ. माझ्या गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाची एक डबी बसवली होती, तिची वायर रेडिओच्या मागच्या भोकांत खुपसायची. चालायचं बरं! पण लग्नात चारशे माणसं जेवायला बसली की मागून ओरडायची, "आवाज येत नाई!" नानांना ते झोंबलं. शिवाय उमरखेडच्या एका पार्टीनं भोंगा आणला होता. मग काय, नांदेडहून दोन मशिनं पारखायला आली. पसंत पडेल ते ठेवा, दुसरं परत करा.

पहिलं मशीन म्हणजे लाकडी खोका. पुढं जाळीदार कापड, आत काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह, बटण दाबलं की थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग आत तांबूस उजेड यायचा. नानांच्या ओसरीत आम्ही ते लावलं. आत अंगणात बाया तूर पाखडत होत्या. रामसिंग गायला लागला आणि त्याचा आवाज त्या खोक्यातून आला तो त्याच्यापेक्षाही त्याचा होता. माझी कांडी त्याच्या मागोमाग सरकली. अंगणातली सुपं थांबली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. नानांनीही डोळे मिटले होते, मी पाहिलं. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"गोड हाय," नाना म्हणाले. "पण गोड घेऊन काय चाटाचं हाय?"

दुसरं मशीन भोंग्याचं. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं पत्र्याचं डबडं आणि त्याला जोडलेला भलामोठा कर्णा. आता मशिनांची पारख कशी करायची? नानांना एकच पारख ठाऊक होती. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून जागल करतात, पाखरं हाकलतात, रानडुकरं हाकलतात. या माळ्यावरून घातलेली हाळी तिसऱ्या वावरातल्या माळ्यावर पोचली तर तो गडी कामाचा. नाही पोचली तर त्याला घरी पाठवायचा. नाना पिढ्यान् पिढ्या गडी असेच पारखत आले होते. तेच माप त्यांनी गाण्याला लावलं.

दोन्ही मशिनं वावरात नेली. खोक्यासाठी दुकानापासून वायर ओढली, ती विहिरीपर्यंतच पुरली. तुरीची धसकटं पायाला टोचत होती, बांधावर पळस पेटले होते, आणि लांब बांधावर एका गड्याला लाल पंचा देऊन उभं केलं होतं. ऐकू आलं तर पंचा वर करून हालवायचा, नाही तर खाली. खोक्यातून रामसिंग गायला, पंचा खाली. नानांनी गड्याला एक वावर अलीकडे बोलावलं. तरी खाली. मग भोंगा लावला. पहिल्या ओळीलाच पंचा वर गेला. गडी आणखी मागं गेला, तिसऱ्या वावराच्या बांधावर, आणि तिथूनही पंचा फडफडला. नाना टाळ्या वाजवायला लागले.

मी म्हणालो, "नानाजी, पण काय ऐकू आलं ते बघा ना! जवळ येऊन ऐका. हा आवाज रामसिंगचा आहे का?" भोंग्याला खालचे सूर पचतच नव्हते. रामसिंगच्या आवाजातला सगळा रांजण तिथं गळून पडत होता आणि वरची किनार तेवढी पत्र्यावर घासत बाहेर येत होती. बोकडानं ओरडावं तसं.

"मास्तर," नाना म्हणाले, "लग्न पोरं शिकवाचं काम नोहे. तुमची इस्त्री वाजवा."

सगळे हसले. रामसिंगही हसला. त्याला वाटलं, आवाज इतक्या लांब गेला म्हणजे चांगलंच झालं असणार. खोका दुसऱ्या दिवशी नांदेडला परत गेला.

जुईला हे सांगत होतो तेव्हा ती मध्येच म्हणाली, "पण मग खोक्यासमोर माणसं जवळ बसवायची ना! सोपं होतं." सोपं! आमच्याकडे जवळ बसून ऐकायला कुणाला हवं होतं? नदीपलीकडच्या गावाला कळलं पाहिजे की इथं लग्न आहे. शेजारचा वैरी अंथरुणात तळमळला पाहिजे. गाणं हे निमित्त. माझा आवाज चढला तसा समोरच्या डब्यांचाही चढला, आणि आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत बसलो.

तो चैत्र-वैशाख मी कसा विसरेन! तापलेली गाडी, तापलेला पत्रा, मांडवातल्या आंब्याच्या पानांचा सुकत चाललेला वास, बुंदी, घाम. भोंगा लिंबावर चढवायचा, बॅटरी खाली, माईक रामसिंगच्या तोंडाशी. आणि पहिल्याच लग्नात मागच्या पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "बें!" झालं. पोरासोरांना खेळ मिळाला. पुढच्या गावाला आमच्याआधी बातमी पोचलेली असायची. रामसिंग उभा राहिला की चारी बाजूंनी बें बें सुरू. नवरदेवसुद्धा मुंडावळ्यांतून हसायचा. नाना पेटीवर मान हालवत म्हणायचे, "कुर्बानीचा माल आणला हाय, पाहुणे!"

मशीन बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नानांनी गळा बदलायला घेतला. "खालून कायले गाते बे? वर गा! वरचं भोंगा धरते." तीन-तीन पट्ट्या वर. रामसिंगच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या व्हायच्या. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात, उन्हात, धुळीत, तो ओरडायचा. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. उमरखेडच्या वैद्यानं सांगितलं, पाऊस लागेपर्यंत तोंड बंद ठेव. रामसिंगनं येऊन ते नानांना सांगितलं, कुजबुजत.

"तोंड बंद ठेवून पार्टी चालते का?" नाना म्हणाले. "बयनीचं लगन हाय ना तुह्या? आताच पाणी सोडलं तं तिथं काय गाशीन?"

नेमकं तिथं बोट घातलं. तो पुन्हा उभा राहिला. अखजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या एका लग्नात, भर दुपारी, त्यानं तोंड उघडलं आणि भोंग्यातून नुसता वारा आला. त्यानं पुन्हा घेतलं. पुन्हा वारा. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! इतकी मजा त्यांना सगळ्या मोसमात आली नव्हती. एक म्हातारी तेवढी उठून गेली. रामसिंग माईकसमोर उभाच होता, तोंड उघडून, आणि मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

पार्टी बंद पडली नाही. नानांच्या भाच्याचा आवाज बारीक, वरचा, भोंग्याला मानवणारा. तो बसला गायला. आणि रामसिंगला नानांनी सोडलंही नाही. "मी कोनाले उपाशी मारत नाई," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि लाल पंचा त्याच्या हातात दिला. आता गाडीतून भोंगा उतरवणं, झाडावर चढवणं आणि मग लांब तिसऱ्या वावराच्या बांधावर जाऊन उभं राहणं, हे त्याचं काम. पंचा वर, पंचा खाली. ज्यानं त्याचा गळा खाल्ला ते डबडं तो रोज डोक्यावर वाहायचा. मी म्हणालो, "सोड ना रे हे." तो म्हणाला, "झमकूचं लगन होऊ द्या मास्तर." पार्टीत आहे म्हटलं तर निदान लग्न मोडणार नाही, असा त्याचा हिशेब.

ज्येष्ठ लागला, तांड्यावर मांडव पडला, आणि नानांनी जाहीर केलं की भोंगा आपल्यातर्फे, फुकट. रामसिंग त्यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मी तिथंच होतो.

"नानाजी, भोंगा नका आणू जी."

"काहून? फुकट देऊन राह्यलो तं नाक मुरडून राह्यला?"

"ढावलो असते जी. बायकाईचं रडनं हाय ते. ते भोंग्यात कायले?" इतकं बोलेपर्यंत त्याचा आवाज तीनदा फाटला.

"अबे," नाना हसले, "तिसऱ्या वावरापर्यंत जाईन तुह्या बयनीचं रडनं! आजवर कोन्या बंजाऱ्याच्या पोरीचं गेलं?"

दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. रामसिंग उठला, नानांना हात जोडले आणि गेला. का जोडले असतील हात, मला कधीच कळलं नाही.

लग्न लागलं. पंगती उठल्या. मुलाकडच्या म्हाताऱ्यानं पान चघळत विचारलं, "गानारा भाऊ कुठं हाय?" नानांनी लांब बोट केलं. तिसऱ्या वावराच्या बांधावर, उन्हात, हातात लाल पंचा घेऊन रामसिंग उभा होता. नानांनी सकाळीच त्याला तिकडे धाडला होता. "तो काय! सध्या झेंडा दाखवते," नाना म्हणाले. म्हातारा आधी चमकला, मग तोही हसला. कुणीतरी हळूच बें केलं.

मग बिदाईची वेळ झाली. झमकू आईच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला. खालून, हळूहळू वर सरकणारा. तो रामसिंगचाच सूर होता, जसाच्या तसा. एवढ्यात नानांच्या भाच्यानं माईक उचलला आणि दोघींच्या तोंडांमध्ये खुपसला. झाडावरचा भोंगा बोकडासारखा ओरडला. मुलाकडची पोरं फिदीफिदी हसायला लागली, एकानं तर तस्साच सूर काढून दाखवला. बायकांनी पदर तोंडाला लावले. आईनं मिठी सोडली. झमकूनं मान वर करून त्या कर्ण्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. तिच्या कपाळावरच्या कवड्यांचा तेवढा आवाज येत होता, तोही भोंग्यातून.

"रड ना बाई, रड!" नाना म्हणाले. "लाजते कायले?"

गळ्यात पडावं असा आता एकच माणूस उरला होता. तिनं गर्दीत पाहिलं, मांडवात पाहिलं, मग कुणीतरी दाखवल्यावर लांब बांधाकडे पाहिलं. आणि सूर नाही, ढावलो नाही, नुसती एक हाक मारली. "वीरा!"

भोंग्यानं ती हाक उचलली आणि फेकली. पहिलं वावर, दुसरं वावर. मी बांधाकडे बघत होतो. मला वाटलं, आता तो पळत येईल, वायर तोडेल, नानांच्या नरडीला हात घालेल. मनातल्या मनात मी त्याला ओरडून सांगत होतो, ये. पण महिनाभर त्याला एकच काम होतं, आणि त्याला ऐकू आलं होतं. त्यानं पंचा वर केला आणि हालवला.

"वा रे पठ्ठे!" नाना म्हणाले. "पोचला!" त्यांनी बटण बंद केलं.

झमकूला बैलावर उभी केली तेव्हा तिनं हात उंचावले नाहीत. तोंड मिटलेलं. रडत नाही म्हणून सासरच्या बायका आपसात कुजबुजत होत्या. बैल निघाला, मागून गाड्या निघाल्या, नदीच्या वाटेला धूळ उठली. आम्ही भोंगा उतरवायला झाडाखाली गेलो, आणि मी वळून पाहिलं, तर बांधावर पंचा अजून हालतच होता.